समुद्र डाव्या हाताला

मल्लव्वा खुर्चीवरून उठली, स्कर्ट झटकला आणि भरल्या सभागृहाकडं पाठ करून उभी राहिली.

सांगलीतल्या त्या मोठ्या हायस्कूलच्या सभागृहात आधी सगळ्यांच्या माना उंचावल्या. मग मागच्या बाकांवरून हसू फुटलं. परीक्षकांच्या टेबलावर घंटा घेऊन बसलेले सर चष्मा वर करून बघायला लागले. मी तिच्या शेजारच्या खुर्चीवर होते आणि माझ्या तोंडचं पाणीच पळालं होतं. जिल्ह्याच्या भूगोल स्पर्धेची शेवटची फेरी चाललेली, व्यासपीठावर दोनच जोड्या उरलेल्या, आमची एक चूक आधीच होऊन बसलेली, आणि ही बया मागच्या पडद्याकडं तोंड करून उभी.

"कले," पडद्याकडं बघतच ती मला म्हणाली, "आता बरोबर झालं. आता विचारू दे त्यांना काय विचारायचं ते."

हे असं का झालं ते कळायला आमचं मैदान माहीत पाहिजे. आमचं सोनहळ्ळी जत तालुक्यात, पार कर्नाटकाच्या अंगाला. पाऊस आमच्या गावाचा रस्ता चुकलेला. प्यायचं पाणी टँकरनं यायचं. आमच्या हायस्कूलला भूगोलाचे मास्तर होते ते निवृत्त झाले, त्यांच्या जागी जे आले त्यांनी गावची पाण्याची तऱ्हा बघितली आणि आल्या पावली बदली करून घेतली. मग हेडसरांनी भूगोल उचलला आणि पीटीच्या व्हनमाने सरांच्या गळ्यात मारला.

व्हनमाने सर कबड्डीचा गडी. अंगानं थोराड, एका गुडघ्यानं जरा लंगडे, गळ्यात कायम शिट्टी. पहिल्या दिवशी त्यांनी वर्गात पुस्तक उघडून ‘महाराष्ट्राची प्राकृतिक रचना’ वाचायला घेतली. आम्हाला झोप येईल हे ठरलेलंच होतं, पण आमच्या आधी सरांनाच डुलकी लागली. दुसऱ्या तासाला त्यांनी पुस्तक खिडकीत ठेवलं आणि म्हणाले, चला मैदानावर.

कबड्डीची पाटी आखायला असते ती पांढरी फक्की त्यांनी घमेल्यात घेतली आणि मैदानभर महाराष्ट्र आखला. एकेक जिल्हा, माणूस उभा राहील एवढा. नद्यांना विहिरीचे जुने दोर टाकले. मग शिट्टी वाजायची, सर जिल्ह्याचं नाव घ्यायचे आणि सगळ्या वर्गानं तिकडं पळायचं. जो शेवटी पोचेल त्याला मैदानाची फेरी. अशानं महिन्याभरात भूगोल आमच्या डोक्यात गेला नाही, पायात गेला. मुंबईत फार जण मावायचे नाहीत, तिथं ढकलाढकली व्हायची. गडचिरोलीला जायचं सगळ्यांच्या जिवावर यायचं, कारण त्या कोपऱ्यात बाभळीचे काटे होते.

सरांचे नियम कडक होते. उत्तर म्हणजे कागदाची वरची बाजू नव्हे, उत्तर म्हणजे बिरोबाचं देऊळ आहे ती बाजू. मैदानावर यायचं ते खालून, कोल्हापूरच्या अंगानं, आणि चपला गोव्यात काढायच्या. उभं राहायचं ते बिरोबाकडं तोंड करून. तसं उभं राहिलं की डाव्या हाताला शाळेचा पाण्याचा हौद, आणि हौदाच्या कडेची गटार म्हणजे अरबी समुद्र. टँकर आला की हौद सांडायचा आणि समुद्राला भरती यायची. त्या दिवशी ‘अरबी समुद्र’ अशी शिट्टी झाली की आम्ही पोरी स्कर्ट गुडघ्यापर्यंत वर धरून चिखलात उडी घ्यायचो. पुढं पुढं इतकी सवय लागली की गटार कोरडी ठणठणीत असली तरी स्कर्ट आपोआप वर जायचे.

मी तेव्हा नववीत होते आणि मला एकच वेड होतं. मला समुद्र बघायचा होता. हौदापेक्षा जास्त पाणी मी जन्मात एका जागी बघितलं नव्हतं. घरी हे बोलले तर आई म्हणाली, एवढं पाणी, आणि तेही खारट? मग काय कामाचं ते? आईचं म्हणणं खोडून काढता आलं नाही, पण वेड काही जाईना. सरांना तर मी सारखी विचारायची की सर, समुद्र कसा असतो हो? सर घटकाभर माझ्याकडं बघायचे, मग शिट्टी फुंकून म्हणायचे, ‘चंद्रपूर’. की आम्ही सगळे मैदानाच्या पार दुसऱ्या टोकाला. मला वाटायचं, सरांना माझ्या बडबडीचा कंटाळा येतो.

आणि अशात एक दिवस सर हातात परिपत्रक घेऊन मैदानावर आले. जिल्ह्याची भूगोल स्पर्धा होती. प्रत्येक शाळेनं दोघांची जोडी पाठवायची, आणि जी जोडी पहिली येईल तिनं आपल्या शिक्षकांना घेऊन रत्नागिरीला जायचं, समुद्र बघायला, सगळ्या खर्चानिशी. ते शेवटचं वाक्य सरांनी एकदा वाचलं, मग घसा खाकरून पुन्हा वाचलं. मी तर तिथंच नगर जिल्ह्यात खाली बसले.

जोडी मल्लव्वाची आणि माझी ठरली. मल्लव्वा बिराजदार माझ्याच बाकावरची. तिच्या घरी सगळं कानडी, त्यामुळं चारचौघांत मराठी बोलायची वेळ आली की तिचा आवाज घशातच राहायचा. पण मैदानावर तिला तोड नव्हती. डोळे बांधून सोडली तरी बरोबर परभणीत जाऊन उभी राहील. मी पळायला ढिली, पण पिकं, खनिजं, पाऊस, घाट तोंडपाठ, आणि बोलायला कुणाच्या बापाला न भिणारी. सर म्हणायचे, हिची जीभ आणि तिचे पाय, दोघींत मिळून एक शहाणी पोरगी होते.

त्यानंतर सरांनी आमचा पिट्टा पाडला. शाळा सुटल्यावर मैदान, रविवारी मैदान. ऊन हौदाच्या मागं उतरेपर्यंत शिट्टी चालू. कबड्डीच्या पोरांनासुद्धा सरांनी कधी एवढं पळवलं नव्हतं. हेडसर एकदा म्हणाले, "अहो व्हनमाने, पोरींना जरा दम खाऊ द्या, भूगोलच आहे." सर नुसते हसले आणि फक्की घेऊन पुसलेली कोकणपट्टी पुन्हा आखायला बसले. कोकणपट्टी ते फार जपून आखायचे. आम्ही आपलं धरून चाललो होतो की सरांना शाळेच्या कपाटात ठेवायला ढाल पाहिजे.

तर ती स्पर्धा. सकाळी लेखी परीक्षा झाली, मग चित्रं ओळखायची फेरी झाली, आणि दोन्हींत माझ्या पाठांतरानं आम्हाला तारलं. जेवणानंतर व्यासपीठावर शेवटची फेरी होती, तिला बिननकाशाची फेरी म्हणायचे. समोर नकाशा नाही, कागद नाही, पेन नाही. जिल्हे आणि दिशा यांवर तोंडी प्रश्न. पहिली चूक माफ, दुसरी झाली की जोडी बाद. एकेक करत सगळ्या जोड्या खाली उतरल्या आणि आम्ही दोघी उरलो, आणि समोर सांगलीच्याच एका शाळेतली टायवाली जोडी. एक चष्मेवाला मुलगा, एक दोन वेण्यांची मुलगी. दोघंही हुशार, आणि खरं सांगायचं तर चांगले होते. मधल्या सुट्टीत त्या मुलीनं मला तिच्या डब्यातला लाडू दिला होता.

मुख्य परीक्षक कुंभोजकर बाई होत्या. पांढरे केस, सुती साडी, आवाज अगदी हळू. त्या हळू आवाजात त्यांनी मल्लव्वाला विचारलं, बीड जिल्ह्याच्या पश्चिमेला कोणता जिल्हा? आमच्या मैदानावरचं कच्चं पोर झोपेतून उठवलं तरी सांगेल. मल्लव्वा म्हणाली, परभणी.

घंटा वाजली. नगर, असं बाईंनी सांगितलं, आणि आमची एक चूक लिहिली गेली. मी मल्लव्वाच्या पायाकडं बघितलं. तिचे पाय खुर्चीखाली वळवळत होते. मी हळूच विचारलं, काय झालं गं तुला? तिनं माझ्याकडं असं बघितलं की जणू तिला गावाबाहेर कुणीतरी सोडून दिलंय.

"कले, इथं बिरोबा कुठं आहे?"

मी पटकन वर बघितलं आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. दुपार कलली होती आणि ऊन आमच्या उजव्या हाताच्या खिडकीतून आत येत होतं. म्हणजे पश्चिम उजवीकडं, म्हणजे आम्ही दक्षिणेला तोंड करून बसलो होतो. आमच्या मैदानावर मावळतीचं ऊन नेहमी डावीकडं, हौदाच्या अंगाला. बाईंनी पश्चिम म्हटल्याबरोबर मल्लव्वाचा जीव उन्हाकडं गेला, पाय उजवीकडं पडला, आणि उजवीकडं आमच्या मैदानात परभणी होती. तिचं काही चुकलं नव्हतं. आम्हालाच उलटं बसवलं होतं.

हे मी तिला सांगायच्या आतच ती उठली होती आणि पाठ फिरवून उभी होती.

घंटावाले सर म्हणाले, हे काय चाललंय, परीक्षकांना पाठ दाखवतात होय? दुसऱ्या एका परीक्षकानं तर व्यासपीठावर चढून मागचा पडदा बाजूला करून बघितला, मागं नकाशा टांगलेला आहे की काय म्हणून. मागं दोन मोडक्या खुर्च्या आणि गेल्या वर्षीच्या नाटकातलं एक झाड होतं. सभागृह पुन्हा हसलं. मी उठून बोलायला तोंड उघडलं, बोलणं माझंच काम होतं ना. पण कुंभोजकर बाईंनी मला हातानं थांबवलं. त्यांनी मल्लव्वालाच विचारलं, बाळ, तू अशी का उभी आहेस?

मल्लव्वा काही वळली नाही. मला वाटलं, झालं, आता हिचा आवाज घशात अडकणार आणि माझा समुद्र इथंच आटणार. पण ती पडद्याकडं बघून स्वच्छ मराठीत बोलली.

"बाई, समुद्र माझ्या डाव्या हाताला पाहिजे. उजव्या हाताला असला की सगळे जिल्हे उलटे होतात."

या वेळी मात्र हसू छपराला लागलं. टायवाला मुलगासुद्धा हसला. फक्त दोघं हसले नाहीत. एक व्हनमाने सर, ते तिसऱ्या रांगेत बसून गळ्यातली शिट्टी मुठीत आवळत होते. आणि दुसऱ्या कुंभोजकर बाई. त्यांनी खिडकीकडं बघितलं, उन्हाकडं बघितलं, आणि मग घंटावाल्या सरांना विचारलं की स्पर्धकानं तोंड कुठं करायचं, याचा काही नियम आहे का? सरांनी कागद उलटेपालटे केले. तसा नियम नव्हता.

"मग राहू दे तिला तशीच," बाई म्हणाल्या. "फक्त उत्तर मोठ्यानं सांग, मला पाठीमागून ऐकू आलं पाहिजे."

त्यानंतर मल्लव्वा खुर्चीत बसलीच नाही. मी पण उठले, खुर्च्या मागं सारल्या आणि तिच्या शेजारी पडद्याकडं तोंड करून उभी राहिले. प्रश्न आला की ती डोळे मिटायची, एक पाऊल इकडं, दोन पावलं तिकडं, आणि उत्तर. लोकांना काय दिसत होतं कोण जाणे, दोन पोरी पाठमोऱ्या नाचतायत असंच वाटलं असेल. मला मात्र पायाखाली फक्की दिसत होती. आमचं एकही उत्तर चुकलं नाही. समोरच्या जोडीची पहिली चूक झाली, मग थोड्या वेळानं वेण्यांची मुलगी यवतमाळशी अडखळली आणि त्यांची दुसरी झाली. पण नियम असा होता की जिंकायला आम्ही पुढचा प्रश्न बरोबर सोडवायला पाहिजे. नाहीतर दोन्ही जोड्या बरोबरीत, आणि बरोबरीत रत्नागिरी कुणालाच नाही.

कुंभोजकर बाईंनी कागद बाजूला ठेवला. हा प्रश्न त्यांनी मनानंच काढला असणार, असं मला आजही वाटतं.

"मी जालना जिल्ह्यातून निघाले," त्या हळूहळू म्हणाल्या. "दक्षिणेच्या जिल्ह्यात गेले. तिथून पश्चिमेला."

मल्लव्वा एक पाऊल मागं आली, बीड. एक पाऊल डावीकडं, नगर. मी तिच्या ओठांकडं बघत होते.

"तिथून दक्षिणेला. मग पश्चिमेला."

एक पाऊल मागं, सोलापूर. डावीकडं सातारा. ती आता व्यासपीठाच्या डाव्या कडेशी आली होती.

"पुन्हा पश्चिमेला. आणि पुन्हा पश्चिमेला. सांग, मी कुठं आहे?"

सगळं सभागृह बोटं मोजायला लागलं. सातारा, मग रत्नागिरी, आणि मग? मला पुढच्या रांगेतून एकाचं कुजबुजणं ऐकू आलं, रायगड असेल बघ. मल्लव्वानं डावीकडं पाऊल टाकलं ते थेट कडेवर पडलं. रत्नागिरी. आता व्यासपीठ संपलं होतं. एवढा उंच कट्टा, खाली फरशी. मी ओरडणार होते की अगं पडशील. तिनं दोन्ही हातांनी स्कर्ट गुडघ्यापर्यंत वर धरला आणि खाली उडी घेतली.

"अरबी समुद्र," ती खालून म्हणाली. मग सवयीनं पाय झटकले, चिखल लागला असेल म्हणून.

कुंभोजकर बाई उठून उभ्या राहिल्या. त्यांनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली, आणि घंटावाल्या सरांना घंटा वाजवायची का नाही तेच कळेना. टायवाला मुलगा उठून टाळ्या वाजवत होता. मी तर व्यासपीठावरून खाली आले कशी ते आठवत नाही. व्हनमाने सरांनी आम्हा दोघींच्या डोक्यावर हात ठेवला आणि नाक ओढत बाहेर निघून गेले. आम्ही मनात म्हटलं, मिळाली एकदाची सरांना ढाल.

पंधरवड्यानं आम्ही तिघं रत्नागिरीच्या गाडीत बसलो. आईनं जाताना एक रिकामी बाटली दिली, त्या खारट पाण्याची चव तरी बघू म्हणाली. गाडीत आमची तोंडं एक मिनिट बंद नव्हती, पण सर गप्प. खिडकीशी बसून होते. आंबा घाट उतरल्यावर त्यांनी कंडक्टरला विचारलं, अजून किती लांब आहे? थोड्या वेळानं पुन्हा विचारलं. मल्लव्वानं मला कोपरानं ढोसलं आणि आम्ही पदर नसताना पदरात हसल्यागत हसलो.

दुपार कलताना किनाऱ्यावर पोचलो. आधी सुरूची झाडं, मग वाळू, आणि मग एकदम तो. मी त्याचं वर्णन करत नाही. ज्यानं बघितलाय त्याला गरज नाही, आणि ज्यानं बघितला नाही त्याला माझ्या सांगण्यानं कळणार नाही. मी एवढंच सांगते की मी रडले, आणि मल्लव्वा कानडीत काहीतरी बडबडत सुटली.

"चपला कुठं काढायच्या सर?" मल्लव्वानं लाडात येऊन विचारलं. "गोव्यात?"

आम्ही वळून बघितलं. सर सुरूच्या शेवटच्या झाडापाशीच थांबले होते. त्यांनी उन्हाकडं बघितलं, हळूहळू वळत वळत उत्तरेला तोंड केलं, जणू तिकडं बिरोबाचं देऊळ होतं. मग डावा हात खांद्याएवढा उचलून समुद्राकडं धरला आणि कितीतरी वेळ तसेच उभे राहिले.

"आहे," ते म्हणाले. "डाव्या हाताला आहे."

मला हसूच आलं. मी म्हटलं, "आहेच की सर. तुम्हीच तर शिकवलं आम्हाला."

"शिकवलं गं," सर म्हणाले. "पण बघितला कुणी होता?"

मग एवढे दिवस समुद्राचं विचारलं की ‘चंद्रपूर’ म्हणून आम्हाला का पळवलं जायचं ते मला कळलं. सर सांगत होते, कबड्डीच्या नादानं सोलापूर, लातूर, नांदेड सगळं झालं, सगळं पूर्वेकडंच. एकदा रत्नागिरीचा सामना ठरला होता, तर आदल्याच सामन्यात गुडघा गेला आणि खेळच सुटला. पुढं संसार, नोकरी. समुद्र राहून गेला. "रोज फक्कीनं ती रेघ मारताना वाटायचं," ते म्हणाले, "आपण पोरांना अंदाजानं तर काही सांगत नाही ना?"

ढाल नव्हती पाहिजे त्यांना. मी ज्यासाठी पळत होते त्याचसाठी तेही आम्हाला पळवत होते, फक्त मी गावभर सांगत सुटले होते आणि ते गप्प होते.  मल्लव्वाच पुढं झाली. तिनं सरांच्या गळ्यातली शिट्टी उचलून त्यांच्या तोंडाशी धरली.

सरांनी आम्हा दोघींकडं बघितलं, पँटचे पाय गुडघ्यापर्यंत दुमडले आणि शिट्टी फुंकली.

"अरबी समुद्र!"

आम्ही स्कर्ट वर धरले आणि सुटलो. मैदानाचा नियम होता, जो शेवटी पोचेल त्याला फेरी. त्या दिवशी ती फेरी आम्हा दोघींना बसली. दुखऱ्या गुडघ्याचे व्हनमाने सर आमच्या आधी पाण्यात होते.